निराळी वाकळ

ऑगस्ट 2019 मध्ये मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले आणि गगनबावड्याचा कोल्हापूरशी संबंध तुटला. घाटमाथ्यावरचा पाऊस आम्हांला नवा नाही. परंतु त्या आठवड्यात आमच्याकडे घरकामास येणाऱ्या मावशींच्या छपराची कौले गेली आणि त्या आपल्या आठ वर्षांच्या मुलीसह आमच्याकडे राहावयास आल्या. दोन्ही मुली एकाच वाकळीत निजू लागल्या.

सहाव्या दिवशी रोझरीच्या वेळी आमची कन्या सारखी डोके खाजविताना दिसली. फणी फिरविली, तो पांढऱ्या कापडावर उवा! "तरी वाटलंच होतं," आम्ही मावशींना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. त्या रात्री त्यांच्या मुलीला निराळी वाकळ दिली. तिने काही विचारले नाही. भिंतीकडे तोंड करून निजली.

संत बेनेडिक्ट जोसेफ लाब्रे (1748-1783) यांच्या अंगावर उवा असत, ही कथा आम्हीच मुलांना भक्तिभावाने सांगितलेली. संताच्या उवा आदरणीय. मोलकरणीच्या पोरीच्या मात्र नव्हेत!

दुसऱ्या दिवशी उजेडात लिखा काढावयास बसलो. शेजारणीने रॉकेल सुचविले, सीताफळाच्या बियांची पूडही. रॉकेल पेट घेते, आणि ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळास इजा होते. म्हणून ओल्या केसांना तेल लावून बारीक दातांची फणीच घेतली. ऊ कातडीलगत केसाला अंडे चिकटविते. आठ-नऊ दिवसांत पिल्लू बाहेर पडते, रिकामे टरफल केसाबरोबर वर सरकते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. आमच्या कन्येच्या केसांवरील टरफले मुळापासून चांगली दोन बोटे दूर होती. म्हणजे मे महिन्यातली, आजोळी मामेभावंडांत लोळण्याच्या दिवसांतली. जूनपासून ती डोके खाजवीत होती; आम्ही ते पावसात न वाळणाऱ्या केसांवर लोटले होते.

मावशींच्या मुलीच्या डोक्यात मोजक्याच लिखा निघाल्या, सर्व अगदी मुळाशी, ताज्या. ऊ उडत नाही, उडीही मारीत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. आमच्याच घरातून ती तिच्याकडे गेली होती.

दर तीन-चार दिवसांनी सर्वांची डोकी विंचरण्याचे ठरविले. दोन आठवडे तो क्रम चालला. आम्हां मोठ्यांच्या डोक्यांतही निघाल्या, हेही लिहावयास हवे.

मावशींची क्षमा मागितली. "लेकरांच्या डोक्यात असत्यातच की," त्या म्हणाल्या आणि भांडी घासावयास बसल्या. त्यांच्या मुलीला आम्ही पुन्हा कन्येजवळ निजावयास सांगितले. तिने मान डोलावली. परंतु घरी जाईपर्यंत ती त्या निराळ्या वाकळीवरच निजली.