हिवाळ्यापुरते गाव

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स महानगराला लागून मेसा नावाचे शहर आहे. सगळा मुलूख वाळवंटी. वर्षभरात जेमतेम आठ इंच पाऊस. आमच्या कोकणात मृगाने मनावर घेतले तर एवढा एका दिवसात पडून जातो. उन्हाळ्यात पारा ४३-४५ अंशांपर्यंत चढतो. पण डिसेंबर ते मार्च हवा अशी असते की दुपारी अंगात साधा सदरा पुरतो आणि रात्री एक रजई. याच काळात अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात बर्फ साचलेले असते. म्हणून तिकडची हजारो निवृत्त जोडपी हिवाळा काढायला इथे येतात. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात, म्हणजे बर्फातून उडून आलेली पाखरे. एप्रिलमध्ये ऊन तापू लागले की ती परत जातात.

भाचीचे बाळंतपण होते आणि तिच्या अम्मीला प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून बिनपगारी रजा टाकून आम्ही उभयता मेसाला गेलो. जानेवारी-फेब्रुवारीचे पाच आठवडे तिथे होतो. भाचीच्या घराची मागची भिंत ज्या वसाहतीला लागून आहे, ती नेमकी अशा पाखरांची. तिला ‘मोबाईल होम पार्क’ म्हणतात. भिंतीला लागून असलेल्या घरात सॅस्कॅचेवान या कॅनडातल्या प्रांताचे एक जोडपे हिवाळा काढते. आजोबा ७९ वर्षांचे, आजी ७६ वर्षांच्या. दोघे जन्माचे शेतकरी. त्यांच्या अंगणातली पपनसासारखी आंबटगोड ग्रेपफ्रूट भिंतीवरून भाचीकडे येत, आणि भाचीकडून कधी शिरखुर्मा, कधी बिर्याणी पलीकडे जाई. त्या भिंतीवरूनच आमची ओळख झाली.

आधी हे घर म्हणजे काय ते सांगायला हवे. मोबाईल होम कारखान्यात तयार होते. खाली लोखंडी सांगाडा आणि चाके. ट्रकने ओढत आणतात, ठोकळ्यांवर बसवतात आणि भोवती पत्र्याचे कुंपण लावून चाकांची जागा झाकून टाकतात. १९७६ पासून अशा घरांच्या बांधणीसाठी सगळ्या देशाला एकच सरकारी नियमावली आहे. नाव ‘मोबाईल’ असले तरी एकदा बसवलेले घर सहसा हलत नाही. आजी-आजोबांचे घर लांबट, रेल्वेच्या डब्यासारखे. एका टोकाला झोपायची खोली, मध्ये स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला बैठक. बाजूला गाडीसाठी पत्र्याची शेड आणि काचा लावून बंद केलेला व्हरांडा. या व्हरांड्याला तिकडे ‘ॲरिझोना रूम’ म्हणतात. अंगणात हिरवळ नाही, बारीक खडी पसरलेली. पाणी जपायचे तर वाळवंटात हेच बरे.

हिवाळ्यात दक्षिणेकडे जायची ही रीत जुनी आहे. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात मोटारीमागे बिऱ्हाड बांधून फिरणाऱ्यांनी ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ नावाची संघटनाच काढली होती. पुढे तंबू गेले, चाकांची घरे आली, आणि मग ती एका जागी बसली. बऱ्याचशा वसाहती ५५ वर्षांवरच्यांसाठी राखीव असतात. १९९५ च्या कायद्याप्रमाणे निदान ८० टक्के घरांत ५५ किंवा त्याहून जास्त वयाचा एक तरी माणूस राहत असेल, तर वसाहतीला तशी अट घालता येते. म्हणून तिथे शाळेची बस येत नाही. गल्लीतून तीनचाकी सायकली आणि गोल्फच्या छोट्या गाड्या पायी चालावे अशा वेगाने जातात.

आजी-आजोबांचा दिवस आमच्या डोळ्यांसमोर सुरू होई. मेसा आणि आपला देश यांच्या घड्याळांत साडेबारा तासांचे अंतर आहे, आणि मेसाची माणसे उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळ पुढेमागे करत नाहीत. तिथे फजर झाली की इकडे मगरीब होऊन गेलेली असे. आम्ही नमाज आटोपून अंगणात उभे राहून घरी फोन लावत असू, तेव्हा पलीकडे आजोबा हातात कॉफी घेऊन फोनवर त्यांच्या गावचे तापमान पाहत असत. ‘आज उणे सत्तावीस!’ अशी आरोळी भिंतीवरून येई. तिकडचे बंद घर एक शेजारी दर दोन-तीन दिवसांनी उघडून पाहतो. भट्टी बंद पडली तर नळातले पाणी गोठून पाइप फुटतात, आणि घर नियमित पाहिले गेले नसेल तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

आठ वाजता चालणे. नऊनंतर सभागृहात जो तो आपल्या उद्योगाला लागतो. आजी गोधड्या शिवणाऱ्या बायकांत बसतात. त्या गोधड्या पुढे इस्पितळातल्या लहान मुलांना जातात. आजोबा लाकूडकामाच्या खोलीत. तिथे करवती, रंधे, पॉलिश सगळे सामाईक, आणि एक निवृत्त सुतार नवशिक्यांना शिकवतो. एका टेबलावर हजार तुकड्यांचे चित्रकोडे कायम मांडलेले; येणारा-जाणारा दोन तुकडे लावून पुढे जातो. दुपारी वामकुक्षी. संध्याकाळी लांब काठीने चकत्या ढकलायचा शफलबोर्ड नावाचा खेळ. त्यात ८० वर्षांचे लोक शाळकरी पोरांसारखे भांडतात. आमच्या दोघांची वीस वर्षे शाळेच्या पटांगणावर गेली असल्याने हे भांडण आम्हाला घरचेच वाटले.

पण त्या वसाहतीतली आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे खिडकीचा पडदा. प्रत्येक घराच्या रस्त्याकडच्या खिडकीला एक पडदा असतो. सकाळी उठल्यावर तो वर करायचा, रात्री निजताना खाली. नऊ वाजून गेले आणि पडदा खालीच असेल, तर समोरच्या घरातल्याने जाऊन दार वाजवायचे. दार उघडले नाही तर चावी कोणाकडे आहे हे ठरलेले असते. हा नियम कुठे लिहिलेला नाही. त्याची वर्गणी नाही की त्यासाठी समिती नाही. आजींनी सांगितले, मागच्या हिवाळ्यात असाच एक पडदा खाली राहिला. आत म्हातारे गृहस्थ न्हाणीघरात पडले होते, रात्रभर तसेच. पडद्यामुळे ते वाचले. दुसऱ्या एका घरी मात्र दार उघडेपर्यंत उशीर झाला होता. त्या माणसाची बायको दोन हजार किलोमीटर गाडी चालवून एकटी घरी कशी जाणार? मग वसाहतीतल्या दोघांनी आळीपाळीने तिची गाडी चालवत तिला उत्तरेकडे मुलीच्या दारात पोहोचवले आणि स्वतः विमानाने परत आले.

एका शनिवारी सभागृहात सहभोजन होते, ज्याने त्याने एक पदार्थ आणायचा. आजींनी आम्हालाही बोलावले. काय खाता येईल या विचारात आम्ही गेलो, तर प्रत्येक भांड्यापुढे आजींच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी : यात डुकराचे मांस आहे, यात वाइन आहे, यात जिलेटिन आहे, यात फक्त भाज्या आणि अंडी. मधुमेहवाल्यांसाठी साखरेच्या चिठ्ठ्या त्या आधीपासून लिहीत होत्याच. त्यात आमच्यासाठी चार वाढवल्या. असरची वेळ झाली तेव्हा गोधड्यांच्या खोलीतल्या खुर्च्या बाजूला सरकवून दिल्या आणि दार ओढून घेतले. जुम्याला आम्ही शेजारच्या टेंपी शहरातल्या मशिदीत जात होतो. १९८४ साली बांधलेली ही मशीद बैतुल मुकद्दसमधल्या कुब्बतुस्सखराच्या धर्तीवर आहे. पण परमुलखात अनोळखी माणसाने आपल्यासाठी केलेली ती एवढीशी जागाही आम्ही विसरणार नाही.

परतफेड म्हणून आम्ही दोघांना जेवायला बोलावले. भात, मसूरची दाल, कोंबडीचे सालन. आजोबांनी दालीचा पहिला घास घेतला आणि थांबले. सॅस्कॅचेवान हा कॅनडातला मसूर पिकवणारा मुख्य प्रांत आहे आणि तिथली मसूर मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात येते. आजोबांनी तीस वर्षे मसूर पेरली, कापली, विकली. ‘खाल्ली मात्र दहा वेळाही नसेल,’ ते म्हणाले, ‘आणि अशी तर कधीच नाही.’ दुसऱ्यांदा वाढून घेतली. आजींनी फोडणीची कृती कागदावर उतरवून घेतली. जिरे आणि लसूण यांचा क्रम त्यांनी दोनदा विचारला.

त्याच रात्री त्यांनी सांगितले की हा त्यांचा बहुधा शेवटचा हिवाळा. खिडकीत ‘विकणे आहे’ची पाटी आम्ही पाहिली होती, पण विचारले नव्हते. अडचण दुहेरी. घर त्यांचे असले तरी त्याखालची जमीन त्यांची नाही. वसाहतीचा मालक जागेचे भाडे घेतो. तुम्ही सहा महिने राहा की सहा आठवडे, भाडे बारा महिन्यांचे. मालक बदलला की भाडे वाढते, आणि जुने घर उचलून दुसरीकडे न्यायचा खर्च घराच्या किमतीपेक्षाही जास्त होतो. काही वसाहतींनी यावर उपाय काढला. फ्लोरिडातल्या ब्रायनी ब्रीझेस इथल्या रहिवाशांनी १९५८ साली मिळून जमीनच विकत घेतली आणि १९६३ साली त्याचे रीतसर गाव झाले. सगळीकडे एवढी एकी आणि एवढा पैसा जमत नाही. दुसरी अडचण आजोबांच्या काळजाची. कॅनडाचा सरकारी आरोग्य विमा अमेरिकेतल्या इस्पितळाच्या बिलाचा फारच थोडा भाग देतो. म्हणून प्रवासी विमा काढावा लागतो आणि वय वाढेल तसा त्याचा हप्ता वाढतो. औषध बदलले तरी कंपनीला कळवावे लागते. पुढच्या वर्षी आजोबा ऐंशीचे होतील.

‘थंडीची भीती नाही,’ आजी म्हणाल्या. ‘थंडीतच वाढलो आम्ही. पण तिकडे सर्वांत जवळचे घर दोन किलोमीटरवर आहे. तिथे आमचा पडदा कोण पाहणार?’

परत आल्यावर नातेवाइकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, ‘मुलांनी टाकले आहे का त्यांना?’ नाही. थोरला मुलगा त्यांचीच शेती करतो आणि रविवारी न चुकता फोन करतो. मुलगी फेब्रुवारीत आठवडाभर येऊन राहून गेली. मुले चांगली आहेत, पण लांब आहेत. आणि हे काही फक्त कॅनडाचे दुखणे नाही. आमच्या दापोली-खेडच्या पट्ट्यात प्रत्येक मोहल्ल्यात अशी घरे आहेत : मुलगा कुवेतला, दुसरा मुंब्र्याला, सून-नातवंडे त्यांच्याबरोबर, आणि दुमजली घरात दोन म्हातारे जीव किंवा एकटी बेवा. पैसे महिन्याला येतात. व्हिडिओवर नातवंडे सलाम करतात. पण रात्री पाय घसरला तर आवाज ऐकायला कोणी नसते. आईवडिलांची खिदमत ही मुलांचीच जबाबदारी आहे, त्यात दुमत नाही. मुले येईपर्यंतच्या तासांचे काय, एवढाच प्रश्न आहे. आपल्या दीनने शेजाऱ्याच्या हक्कावर इतका भर का दिला असावा, हे अशा वेळी समजते.

आमच्या मोहल्ल्यात अशी सात घरे आम्ही मोजली. फजरहून परतणाऱ्या जमातीतल्या पाच जणांनी ती वाटून घेतली आहेत. ठरले एवढेच की उठल्यावर घरातल्यांनी ओटीवरचा दिवा लावायचा आणि जाणाऱ्याने तो पाहायचा. दिवा दिसला नाही तर दार वाजवायचे. दोन घरांच्या जादा चाव्या शेजारच्या बायकांकडे दिल्या आहेत. बाकीच्या पाच घरांशी अजून बोलणे चालू आहे. चावी दुसऱ्याच्या हाती देणे सोपे नसते, हे आम्हाला कळते. निवृत्त झालेल्या एका सरांनी दुपारी वाचनालय उघडून बसायचे कबूल केले आहे. तिथे कॅरम आणि उर्दू-मराठी वर्तमानपत्रे ठेवली आहेत, आणि कॅरमवर भांडणेही सुरू झाली आहेत.

मार्चअखेर भाचीने कळवले की मेसातले ते घर विकले गेले. आजी-आजोबा सॅस्कॅचेवानला पोहोचले, आणि गाडीतल्या सामानात भाचीने दिलेली जिऱ्याची पुडी होती. मुलाने त्यांच्यासाठी गावात, दुकान आणि दवाखान्याजवळ, दोन खोल्या भाड्याने पाहिल्या आहेत. समोरच्या खोलीत एक विधवा बाई राहतात. आजींनी पहिल्याच दिवशी त्यांच्या दारावर थाप मारली आणि सकाळी पडदा किती वाजता वर करायचा, ते ठरवून टाकले.