घासाघीस न करणारं गिऱ्हाईक



ही पोस्ट लिहायला मला साडेतीन महिने लागले. कारण एकच, लाज.

वीस वर्षं झाली, मी या तालुक्यात बातम्या लिहितोय. ऑनलाइन फसवणुकीच्या किती लिहिल्या ते मोजलेलं नाही. प्रत्येक बातमीखाली एक चौकट असते: ‘अनोळखी क्यूआर कोड स्कॅन करू नका. फसवणूक झाल्यास तात्काळ १९३० वर फोन करा.’ ती चौकट मीच लिहितो. आणि जुलै महिन्यात माझेच २७ हजार रुपये गेले. त्या वेळी १९३० हा नंबर मला आठवला होता. तरी मी तो लावला नाही.

काय झालं ते सांगतो. माझ्याकडे एक जुना कॅमेरा होता. आता फोटो सगळे मोबाइलवरच काढतो, कॅमेरा कपाटात पडून. मुलीच्या कॉलेजचा खर्च समोर होता. म्हटलं, पावसात बुरशी लागण्याआधी विकून टाकू. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर रात्री जाहिरात टाकली, किंमत १८ हजार.

सकाळी साडेदहाला फोन. मी तेव्हा नेहमीप्रमाणे हायवेच्या ट्रॅफिकमध्ये, एसटी स्टँडच्या अलीकडे गाडी बंद करून उभा. समोरचा म्हणाला, “जय हिंद सर. आर्मी से बोल रहा हूँ, पुणे में पोस्टिंग है.” त्याने व्हॉट्सॲपवर ओळखपत्र पाठवलं, युनिफॉर्ममधला फोटो पाठवला. कॅमेऱ्याबद्दल एकच प्रश्न विचारला, “चालू कंडिशन में है ना?” मी हो म्हटलं. म्हणाला, “ठीक है सर, अठरा फायनल. मेरा लड़का आज शाम को आ के ले जाएगा. पेमेंट अभी कर देता हूँ.”

आपल्याकडे मिलिटरीचा माणूस म्हटलं की आपण दोन पावलं मागे सरकून जागा देतो. महाड-पोलादपूर पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी फौजेत गेलेला सापडेल. त्या आदरापोटी मी काही विचारलंच नाही.

तो म्हणाला, आर्मीच्या खात्याची पद्धत वेगळी असते, आधी एक रुपयाची टेस्ट करावी लागते. त्याने कोड पाठवला, मी स्कॅन केला, पिन टाकला. माझा एक रुपया गेला आणि लगेच दोन रुपये परत आले. बघा, इथे माझा विश्वास बसला. मग त्याने ९ हजारांचा कोड पाठवला, “आधा पेमेंट.” स्कॅन, पिन. ९ हजार गेले. मी ओरडलो. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यासारखा बोलला, “सर उल्टा हो गया, सिस्टम ने काट लिया. आप टेन्शन मत लो. १८ का कोड भेजता हूँ, दोनों साथ में वापस आएगा. फौजी झूठ नहीं बोलता सर.” मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी परत स्कॅन केलं, परत पिन टाकला.

दोन्ही वेळा स्क्रीनवर पैसे देण्याचंच बटण होतं. रक्कम होती, नाव होतं. मी स्क्रीन वाचत नव्हतो, त्याचं ऐकत होतो.

संध्याकाळी घरी गेलो. बायको म्हणाली, “अहो, कॅमेरा गेला का?” म्हटलं, “नाही, गिऱ्हाईक पटलं नाही.” जेवलो आणि झोपायला गेलो. झोप लागली नाही. रात्रभर डोक्यात एकच, पोलीस ठाण्यात सगळे ओळखतात. उद्या मी तिथे बातमी घ्यायला गेलो की चहा पाजून हसतील. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “फोन केलात का मग?” तेव्हा १९३० लावला. मध्ये २६ तास गेले होते. पैसे ज्या खात्यात गेले तिथून ते पुढे सरकले होते, आणि त्या खात्यात काही उरलं नव्हतं.

हे मी कायमचं गिळून टाकलं असतं. पण दिवाळीनंतर लोणेऱ्याच्या विद्यापीठातला एक मुलगा भेटायला आला. वसतिगृहात राहतो. त्याने ऑनलाइन जुनी बाइक बघितली होती, किंमत २२ हजार. मालक, पुन्हा तेच, ‘फौजी’. बदली झाली म्हणून घाईत विकतोय, गाडी पुण्याला विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे, आर्मीच्या ट्रान्सपोर्टने लोणेऱ्याला पोहोचेल. आधी गेटपासचे २,१००, मग जीपीएसचे ५,१५०, मग ‘डिलिव्हरी उशिरा घेतल्याचा दंड, परत मिळेल’ म्हणून आणखी ६ हजार. गाडी आलीच नाही. त्याने सहा दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. मला म्हणाला, “सर, बातमी लावा, पण नाव नको. घरी कळलं तर बाबा जेवायचे नाहीत.” मी त्याला तक्रार कशी करायची ते सांगायला लागलो. तो मध्येच म्हणाला, “तुम्हाला काय माहीत सर, कसं वाटतं ते.”

मी गप्प बसलो. तेव्हासुद्धा बोललो नाही. म्हणून आज लिहितोय.

पहिली गोष्ट, ही लाज कुणी बाळगायची? फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांच्या मुलीने जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला. गिऱ्हाइकाने आधी खात्री म्हणून थोडे पैसे पाठवले, मग कोड पाठवला. २० हजार गेले. ‘चुकीचा कोड गेला’ म्हणून दुसरा पाठवला. आणखी १४ हजार गेले. माझी आणि तिची गोष्ट सारखीच आहे, कारण समोरचा माणूस पाठ केलेलं बोलत असतो. हा धंदा आहे. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूंह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एका वेळी छापे टाकले तेव्हा सुमारे ५ हजार पोलीस न्यावे लागले होते. एवढ्या तयारीच्या माणसांपुढे आपण एकटे, ट्रॅफिकमध्ये, फोन कानाला लावून उभे असतो.

दुसरी गोष्ट. मी विचार केला की आमच्या वडिलांना असं कुणी फसवू शकलं असतं का? त्यांनी बैल घेतले, सायकल विकली, जुनी शिलाई मशीन घेतली. मोबाइल बघितलाही नव्हता. पण त्यांच्या बाजाराचे काही नियम होते. माल बघितल्याशिवाय विसार द्यायचा नाही. विसार देताना तिसरा माणूस हजर पाहिजे. आणि जो घासाघीस करत नाही तो गिऱ्हाईक नव्हे, त्याच्या मनात दुसरं काहीतरी आहे.

माझा ‘फौजी’ १८ हजार म्हटल्यावर १८ हजारच म्हणाला. माणगावात कोण असं घेतं हो? आपण कोथिंबिरीच्या जुडीला दोन रुपये कमी करून मागतो. तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. उलट मी खूश झालो.

त्या मुलाने गाडी न बघता तीन वेळा विसार दिला. ऑनलाइन त्याला ‘टोकन’ म्हणतात, एवढाच फरक.

तेव्हा नवीन काही शिकायचं नाहीये. जुनंच मोबाइलवर आणायचं आहे.

विकणार असाल तर: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. स्कॅनही लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. हे एक वाक्य घरातल्या सगळ्यांकडून पाठ करून घ्या. यूपीआयवर अनोळखी व्यक्तीने ‘पैसे मागण्याची’ रिक्वेस्ट पाठवायची, हा रस्ता १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींच्या व्यवहारात बंद झालाय. पण क्यूआर कोड तसाच आहे, आणि बोलणारी जीभही तशीच आहे. ‘पैसे पाठवले’ असा स्क्रीनशॉट आला तर तो चित्र समजा. आपल्या खात्यातली शिल्लक आपण बघायची, मगच वस्तू हातातून सोडायची.

घेणार असाल तर: आधी वस्तू, मग पैसे. भेटायचं तर दिवसा, वर्दळीच्या जागी, सोबत कुणीतरी घेऊन. ओळखपत्राच्या फोटोवर जाऊ नका. ते कार्ड कुठल्यातरी खऱ्या जवानाचं असू शकतं, त्यालाही असंच बोलण्यात गुंतवून मिळवलेलं.

जुना मोबाइल घेताय? त्यावर *#०६# दाबा, आयएमईआय नंबर दिसतो. इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून, तो १५ आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरही बघता येतं. ब्लॉक, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं उत्तर आलं तर तो फोन फुकट दिला तरी घेऊ नका. चोरीचा मोबाइल खिशात घेऊन फिरणं परवडणारं नाही.

जुनी गाडी घेताय? एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी, विमा, कर्जाचा बोजा बघा. चेसिस नंबर गाडीवरचा आणि कागदावरचा स्वतः जुळवा. आणि विकणाऱ्यांनो, तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी देऊन टाकतात, आणि पेणच्या आरटीओत कोणी जात नाही. नाव तुमचंच राहतं. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका निकालात स्पष्ट सांगितलंय की गाडी पुढे कितीही जणांना विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक. तुम्ही पाच वर्षांपूर्वी विकलेली गाडी आज कुणाला धडकली तर नोटीस तुमच्या घरी येईल. नाव बदललं की नाही ते विकल्यानंतर महिनाभरात ॲपवर बघाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी केलं नाही. पैसे गेले हे कळल्याक्षणी १९३० लावा. घरी विचारायला थांबू नका. त्या माणसाला परत फोन करून भांडू नका, तो आणखी एक कोड पाठवेल. १९३० वर व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम सांगितली की माहिती बँकेकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथे अडवायचा प्रयत्न होतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात, मग एटीएममधून बाहेर. ही शर्यत मिनिटांची असते. मी २६ तास दिले, त्या मुलाने सहा दिवस.

फोन लागला नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार टाका. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम असा की, ग्राहकाच्या चुकीमुळे पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे उशिराचा प्रत्येक तास तुमच्या खिशातून जातो. पोलीस तक्रारीसाठी अलिबागला जायलाच हवं असंही नाही. नवीन फौजदारी संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. स्क्रीनशॉट, नंबर, चॅट काही डिलीट करू नका. मी रागाच्या भरात अर्धं चॅट डिलीट केलं होतं, तोही एक मूर्खपणा.

चोराला आपल्याकडून दोनदा मिळतं. एकदा आपल्या भोळेपणातून आणि दुसऱ्यांदा आपण गप्प बसतो त्यातून. पहिलं प्रत्येक वेळी टाळता येईलच असं नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. दुसरं मात्र आपल्या हातात आहे.

त्या मुलाला मी काल फोन केला. म्हटलं, “मला माहितीये रे कसं वाटतं ते. माझे २७ गेलेत.” पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाला, “मग मी बाबांना सांगू का?” म्हटलं, “सांग. मी बोलू का त्यांच्याशी?” म्हणाला, “नको सर, मीच बोलतो.”

माणगाव, इंदापूर, गोरेगाव, निजामपूर, म्हसळा, कुठेही कुणाचं असं झालं असेल तर खाली लिहा. नाव नको असेल तर मेसेज करा. आणि हो, हसायचं असेल तर खुशाल हसा, पण हसून झाल्यावर १९३० तेवढा घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा.

कॅमेरा अजून माझ्याकडेच आहे. १८ हजार. समोर येऊन बघा, घासाघीस करा, रोख द्या. चहा माझ्याकडून.