सोंड बाहेर आली!

"सोंड बाहेर आली! मॅडम, सोंड बाहेर आली!" प्रयोगशाळेत मी अक्षरशः ओरडले आणि सगळा वर्ग माझ्या टेबलाभोवती गोळा झाला. चारचौघांत इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. सकाळी बाजारातून आणलेल्या मरळीचं आतडं सलाईनमध्ये ठेवून उभं चिरलं, तर आतल्या अस्तराला पांढरट दोऱ्यांसारखे कृमी घट्ट चिकटलेले. चिमट्यानं ओढणार, तोच मॅडम म्हणाल्या, "ओढू नकोस, सोंड तुटेल. अस्तरासकट सोडव, साध्या पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेव आणि वाट बघ." पाणी कृमीच्या अंगात शिरतं, आतला दाब वाढतो आणि आत ओढून घेतलेली सोंड उलटून बाहेर येते. काही तासांनी भिंगाखाली पाहिलं आणि श्वासच रोखला गेला! गोलसर सोंड, तिच्यावर मागे वळलेल्या आकड्यांची चार वर्तुळं, मानेखाली बारीक काट्यांची कॉलर, थोडी मोकळी जागा आणि पुढे धडावर पुन्हा काट्यांच्या रांगा!

आता याला ओळखायचं कसं? पट्टकृमी म्हणावा तर अंग चपटं नाही, खंडही नाहीत. गोलकृमी म्हणावा तर त्याला तोंड आणि आतडं असतं. याला दोन्ही नाहीत! हा सगळ्या अंगानं अन्न शोषतो. म्हणजे हा काटेरी डोक्याचा कृमी, ॲकॅन्थोसेफाला. आकडे मोजले, आकृती काढली, पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि नाव सापडलं: पॅलिसेंटिस. मरळीत सापडणाऱ्या याच्या एका जातीचं नाव काय असावं? नागपुरेन्सिस! 1931 मध्ये भालेराव यांनी तिचं वर्णन केलं. माझ्या गावाचं नाव एका कृमीला! माझा नमुना त्याच जातीचा का, हे अजून ठरायचंय, मापं चालू आहेत. पण पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या इवल्याशा जिवात वाढून मग मरळीच्या पोटात पोचणारा हा जीव बाजारातल्या टोपलीत रोज माझ्यासमोर होता, हे कळल्यापासून मला झोप नाही.

त्या दिवशी सगळे टेबलाभोवती जमले, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "तूच सांग सगळ्यांना." आणि मी दहा मिनिटं बोलले!

मी कोण, तर चौथीत धडा वाचताना एक शब्द चुकला, वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि तेव्हापासून फळ्यापाशी जायचं म्हटलं की तळहातांना घाम फुटणारी मुलगी. या भीतीला सोशल फोबिया म्हणतात, 1980 पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत तो नोंदलेला आहे, हे मला फार उशिरा समजलं. काही मुलं अगदी लहानपणापासूनच अनोळखी माणसांना बुजतात, हे मानसशास्त्रज्ञ जेरोम कॅगन यांनी वर्षानुवर्षं मुलांचा अभ्यास करून दाखवलं. अशा मुलांना पुढे ही भीती जडण्याचा धोका जास्त असतो, सगळ्यांना ती जडतेच असं नाही. आणि 1995 मध्ये क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी जे मांडलं ते वाचताना तर मला माझीच गोष्ट वाचल्यासारखं झालं: अशा वेळी माणसाचं सगळं लक्ष स्वतःवरच खिळतं. आवाज कापतोय का? चेहरा लाल झालाय का?

त्या दिवशी माझं लक्ष माझ्यावर नव्हतंच! ते त्या आकड्यांवर होतं. आवाज कापला असेलही, मला पत्ता नाही.

भीती एका दिवसात जात नाही. पुढच्या सेमिनारच्या आदल्या रात्री पोटात गोळा आलाच. पण मी सेमिनार टाळला नाही, स्लाइड घेऊन उभी राहिले.

म्हणून शिक्षकांना, आईबाबांना माझी कळकळीची विनंती आहे. बुजऱ्या मुलाला चारचौघांत उभं करून "बोल ना" म्हणू नका. आधी त्याच्या हातात भिंग द्या, मनसोक्त बघू द्या. मग त्याच्या शेजारी बसून हळूच विचारा, "काय दिसलं?"