मधलें अंतर

दादानें वेगळी चूल मांडली त्या दिवशीं आमचे वडील जेवले नाहींत. घर म्हणजे एकच अखंड जाळें, एक धागा तुटला कीं सारें उसवलें, असें त्यांचें मत. मीही त्याच मताचा. म्हणून दादाशीं मीं बोलणें टाकलें. त्याला बारा वर्षें झालीं.

परवां मज्जासंस्थेवरील एक पुस्तक वाचतांना हा घरगुती वाद मला अगदीं अनपेक्षित ठिकाणीं भेटला. इटलीच्या कामिल्लो गोल्जीनें १८७३ सालीं चांदीच्या क्षारानें मज्जापेशी काळ्या रंगविण्याची युक्ति प्रसिद्ध केली. असंख्य पेशींतल्या मोजक्याच रंगत. पण रंगत त्या फांद्यांसकट, शाईनें रेखल्यासारख्या. त्या पाहून गोल्जीनें ठरविलें कीं, हे सारे तंतु मिसळून एकच जाळें झालें आहे. स्पेनच्या रामोन इ काहालनें तीच युक्ति १८८७ सालीं पाहिली, सुधारली, आणि पुढच्याच वर्षीं उलट साक्ष दिली: प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, तिच्या तंतूचें टोंक दुसरीजवळ येऊन थांबतें. १९०६ सालीं नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळालें, आणि गोल्जीनें त्या प्रसंगींच्या व्याख्यानांतही काहालच्या मतावर हल्ला चढविला! मला वडिलांची आठवण झाली.

काहालचें खरें ठरलें. १९५० नंतरच्या दहा वर्षांत इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकानें ती फट दाखविली. मिलिमीटरचे ५०,००० भाग करावे, त्यांतल्या एकाएवढी! कांहीं पेशी थेट जोडलेल्या असतात. पण बहुतेक ठिकाणीं विजेचा संदेश फटीच्या कांठाशीं संपतो, तेथें रसायन सुटतें, आणि त्यानें पलीकडची पेशी चेतते किंवा शांत होते. अनेकींचे होकार-नकार जमेस धरून ती आपला निर्णय करते.

वडिलांना अर्धांगवायु झाला. हात शाबूत होता. त्याला हुकूम पाठविणाऱ्या मेंदूंतील पेशी गेल्या होत्या. तो निर्जीव हात चोळीत दादा रोज संध्याकाळीं बसे. एकत्र असतांना तो त्यांच्या खोलींत क्वचितच डोकावे; आतां दोन गल्ल्या ओलांडून मुद्दाम येई. तो आला कीं मी बाहेर जाई.

वडिलांचें वर्षश्राद्ध जवळ आलें आहे. ‘माझ्याकडे करूं, तूं ये,’ अशी दादाची चिठी त्याच्या मुलानें आणून दिली, तिला आठ दिवस झाले. उत्तर तीनदां लिहून फाडलें. आज संध्याकाळीं मीच जाऊन येईन म्हणतों.