ड्रिंक म्हणजे पिणे

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासूनचं इंग्रजी २००० साली आलं, तोवर माझी पोरं मोठी झाली होती. पाचवीत गुरुजींनी एक दिवस फळ्यावर शब्द लिहिला आणि मोठ्यानं म्हणाले, "ड्रिंक म्हणजे पिणे." आम्ही चाळीस पोरांनी एका दमात म्हटलं, "ड्रिंक म्हणजे पिणे." मग वाक्यं झाली. मी पाणी पितो. मांजर दूध पिते. घरी चहासुद्धा कोरा मिळायचा, पण इंग्रजीत आम्ही सगळे दूध प्यायचो.

पुढं वरच्या वर्गात त्याची तीन रूपं आली. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक. औतामागं चालताना मी ती सुरात म्हणायचो. वडील विचारायचे, "काय रं, कुठला अभंग ह्यो?" १९७६ साली दहावीला मला इंग्रजीत छत्तीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागायचे. म्हणजे पास होऊन माझ्याकडं जे इंग्रजी उरलं, ते एका मार्काचं. त्या एका मार्कात हा शब्द मात्र पक्का होता. निदान मला तसं वाटायचं.

आमचं गाव माळशिरस तालुक्यात, नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर. इथं पिणं नुसतं माणसाचं नसतं. वासरू गाईला पितं, लेकरू आईला पितं, रान पाणी पितं. पाण्याची पाळी आली की आम्ही म्हणतो, "आज उसाला पाणी पाजायचंय." रात्री-अपरात्री खोरं घेऊन दारं धरायची. एक सारा पिऊन झाला की दार मोडायचं, दुसऱ्याला लावायचं. चिबडाचं रान असेल तर हात आखडून पाजायचं, नाहीतर मुळ्या कुजतात. मुरमाड असेल तर ते किती प्यालं तरी सकाळी परत तहानलेलं. किती पाजायचं हे पाजणाऱ्याला कळावं लागतं, पिकाला कळत नाही.

पुस्तकाबाहेर हा इंग्रजी शब्द मला पहिल्यांदा तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर भेटला. नळाच्या वर पाटी होती, 'पिण्याचे पाणी', आणि खाली इंग्रजीत 'ड्रिंकिंग वॉटर'. मला फार आनंद झाला. शाळेतला सोबती परगावात दिसावा तसं वाटलं. नंतर लग्नाकार्यात 'कोल्ड्रिंक' आलं. तोवर आम्हाला गोटी सोडा माहीत होता. मग गोल्ड स्पॉट आलं, थम्स अप आलं. पाहुणा खास असेल तर दुकानात पोरगं पळवायचं, "दोन कोल्ड्रिंक आण." बायका त्याला 'थंडा' म्हणायच्या. चहा रोजच्या माणसाला, थंडा जावयाला. इथवर शब्दाचं वागणं सरळ होतं.

२००६ साली मुलीचं लग्न जमवायला निघालो तेव्हा हा शब्द वेगळ्याच कपड्यात समोर आला. आमचे एक पाहुणे मध्यस्थ होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "पोरगं पीत-बीत न्हाई ना?" पाहुणे म्हणाले, "दादा, दारू अजिबात न्हाई. ड्रिंक घेतो, ते पण ओकेजनली." मी एका मार्काचा इंग्रजीवाला, पण एवढं कळलं. जी गोष्ट मराठीत सांगितली असती तर स्थळ मोडलं असतं, ती इंग्रजीत सांगितल्यावर पोहे खाऊन होईपर्यंत कुणी हललं नाही. मी ते स्थळ सोडलं. घरी नीट कारण मात्र सांगितलं नाही.

मग ध्यानात आलं की आपली मराठीही यात मागं नाही. 'तो पितो' एवढंच म्हटलं की काय पितो हे कुणी विचारत नाही. 'घेतो', 'बसतो', 'त्याला सवय आहे', ही सगळी त्याच बाटलीची बुचं. 'परमिट रूम' हा शब्द तर गावोगावच्या पाट्यांवर आहे. आपल्याकडं १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून दारू प्यायला परवाना लागतो, म्हणून ती परमिट रूम. कायद्याचं नाव दारूबंदी आणि पाटी परवान्याची. फक्त बायकांनी या भानगडीत कुठलाच शब्द ठेवला नाही. गावातलं दुकान बंद करायचं मतदान असलं की कागदावर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. तिथं ओकेजनली नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण डाळिंब. दोन एकर डाळिंबाला मर लागली. झाडं उभीच्या उभी वाळायला लागली. कृषी सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, "फवारणीनं न्हाई भागायचं, ड्रेंचिंग करा." ड्रेंचिंग म्हणजे बुरशीनाशक पाण्यात कालवून झाडाच्या बुडाशी ओतायचं, मुळ्यांना पाजायचं. आमची नात तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करते. संध्याकाळी तिला सहज विचारलं, "पोरी, हा ड्रेंच आमच्या ड्रिंकचा कोण लागतो का गं?" ती हसली, पण कॉलेजातून मोठा शब्दकोश बघून आली. म्हणाली, "नाना, सख्खा आहे. ड्रिंक म्हणजे पिणे आणि ड्रेंच म्हणजे मूळात पाजणे. जनावराला औषध पाजतात त्याला अजून ड्रेंचच म्हणतात. आणि ड्राउन, म्हणजे बुडणे, तोही याच घरातला मानतात."

पिणे, पाजणे, बुडणे. पोरगी सांगून आत गेली. मी ओसरीवर तसाच बसून राहिलो.

आमचा धाकटा भाऊ बापू. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. वडील माळकरी होते, माउलींची पालखी वेळापुराहून पुढं निघाली की ते तिच्याबरोबर पंढरपूर गाठायचे. त्यांनी बापूच्या गळ्यात बाराव्या वर्षीच माळ घातली. मी माळ घातली नाही, आणि मला कुणी आग्रहही केला नाही. १९८६ साली उसाचं पहिलं मोठं बिल हातात आलं. वडिलांची तब्येत बरी नव्हती, म्हणून मी आणि बापू पैसे आणायला गेलो. येताना मी त्याला परमिट रूममध्ये नेलं. तो एकवीस वर्षांचा होता. म्हणाला, "दादा, गळ्यात माळ हाय." मी म्हणालो, "काढ की मग घटकाभर. आण हिकडं." त्यानं माळ काढून माझ्या हातात दिली. मी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि त्याचा ग्लास माझ्या हातानं भरला.

गावात आजपर्यंत सगळे म्हणतात, बापू प्यायला लागला. त्याला पाजली कुणी, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी वर्षा-दोन वर्षांत सोडून दिली, मला ती सोसायची नाही. त्याला सोसली. पुढचं सांगण्यासारखं वेगळं काही नाही, घरोघरी तेच असतं. बायको माहेरी जाणं, परत येणं, सोसायटीचं कर्ज, शेवटी ओढ्याकाठचा एक एकर गेला. मी त्याला चारचौघांत बोललो, एकदा मारलंही. तो एकदाही उलटून म्हणाला नाही की पहिला ग्लास तुझा होता. म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं.

वडिलांनी मला लहानपणी बैलाला तेल पाजायला शिकवलं होतं. पोट फुगलं की बांबूच्या नळ्यानं गोडेतेल पाजायचं. तोंड फार वर करायचं नाही, घाई करायची नाही, नाहीतर तेल श्वासनळीत जातं आणि जनावर दगावतं. ते म्हणायचे, "पिणाऱ्याला काय कळत न्हाई, पाजणाऱ्यानं शुद्धीवर ऱ्हावं." ते बैलाविषयी बोलत होते.

२०११ च्या उन्हाळ्यात बापूला आधी कावीळ झाली, मग पोटात पाणी झालं. दवाखान्यात सुईनं ते काढायचे, ते परत भरायचं. डॉक्टरनी पाण्यावर माप घातलं, दिवसाला एक लिटर, त्यातच चहा-औषध. बाहेर वैशाख तापलेला. तो दुपारी डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "दादा, पाणी पाज." मी चमच्यानं ओठ ओले करायचो. बाटली उशाशीच असायची, पण मी मापाच्या वर दिलं नाही. त्या दिवशी परमिट रूममध्ये माझ्याजवळ माप नव्हतं, इथं मात्र होतं. आठव्या दिवशी तो गेला.

नातीनं शब्दाचं नातं सांगितल्यावर हे सगळं परत वर आलं. आणि नेमका त्याच महिन्यात बापूचा पोरगा पेढे घेऊन आला. कंपनीत पर्मनंट झाला होता. पाया पडला आणि हसत म्हणाला, "नाना, पोरं पार्टी मागत्यात. तुमचं काय म्हणणं?" पोरगं गुणी आहे. त्यानं अजून घेतलेली नाही, हे मला माहीत आहे. विचारणं थट्टेचं होतं, पण पुरतं थट्टेचं नव्हतं.

मी त्याला खाली बसवलं आणि १९८६ सालापासून सगळं सांगितलं. परमिट रूम, ग्लास, सगळं. बायकोनं आतून ऐकलं, तिलाही हे नवीन होतं. पोरगं खाली बघत होतं. मला वाटलं उठून जाईल, आणि गेला असता तर मी थांबवलं नसतं. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "मग ती माळ कुठं हाय?"

माळ माझ्याकडंच होती. त्या रात्री बापूनं मागितली नाही, मी दिली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांना 'रानात तुटली' म्हणून सांगितलं. नंतर इतका उशीर झाला की काढून दाखवायचीही लाज वाटायला लागली. ट्रंकेत खातेपुस्तकांच्या खाली फडक्यात बांधून ठेवली होती. उठून काढून आणली. मणी काळे पडले होते, दोरा मात्र धड होता.

त्यानं ती हातात घेतली. गळ्यात घातली नाही, कपाळालाही लावली नाही. नुसती बघत राहिला. मग फडक्यात परत बांधली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. माझ्यावर रागावला का नाही, ते मला कळलं नाही. ते त्याचं त्यानं ठरवायचं.

उंबऱ्याबाहेर चप्पल घालताना म्हणाला, "उद्या रात्री पाळी हाय न्हवं आपली? दारं धरायला मी येतो."