खजिनदार भाऊ

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले, आणि पैसे आल्याचं सगळ्या मंडळीला कळलं. आमची मंडळी लहान, नगरकडच्या एका तालुक्याच्या गावातली, मिशनच्या काळापासूनची. इथे कुणाचं काहीच झाकून राहत नाही.

मंडळीच्या खजिनदारांना मी भाऊ म्हणायचे. मिस्टर वारले तेव्हा कबर खणायला माणसं त्यांनीच आणली. रात्रभर दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मुलाच्या धंद्यासाठी चार लाख मागितले. "ताई, वर्षाच्या आत देतो, प्रभूसाक्ष सांगतो." मी बँकेतून थेट त्यांच्या खात्यावर टाकले. रोख दिले असते तर आज सांगायला काहीच उरलं नसतं.

वर्ष गेलं. भाऊ फोन उचलेनात. रविवारी मात्र पुढे उभं राहून लांबलचक प्रार्थना करायचे. मग कळलं की मंडळीतल्या आणखी दोघी विधवांचे पैसेही त्यांच्याकडे अडकलेत. धंदा वगैरे काही नव्हता, प्लॉट घेतला होता.

पैशांपेक्षा मला ती खुर्ची आठवायची. पंचावन्नावं स्तोत्र लहानपणापासून माहीत होतं. घाव शत्रूचा नाही, सोबत देवाच्या घरी जाणाऱ्याचा आहे, म्हणून दावीद त्यात कळवळतो. ते मी आता रागाने वाचायचे. प्रभुभोजनाला जायचं बंद केलं. ज्या माणसाने फसवलं, त्याचाच हात तबक पुढे करतो, हे बघवेना. काही महिने दुसऱ्या एका प्रार्थना हॉलमध्ये गेले. तिथली माणसं प्रेमळ होती, पण महिनाभरातच, तुमच्या जुन्या मंडळीत आत्मा नाही, असं ऐकवायला लागली. मला ते पटलं नाही. एका माणसाने बुडवलं म्हणून माझ्या आजीची मंडळी खोटी कशी होईल? आणि मिस्टरांची कबर तिथेच आहे. परत आले. मागच्या बाकावर बसायला लागले. रेव्हरंड टिळकांचं भजन लागलं की आवाज फुटायचा नाही, नुसतं पुस्तक धरून उभी राहायचे.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात रीत दिली आहे. आधी एकट्याने जाऊन बोला, ऐकलं नाही तर दोघा-तिघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा. मी तसंच केलं. एकटी गेले तेव्हा भाऊंनी चहा पाजला आणि रडले. नव्या पाळकसाहेबांना आणि एका वडील माणसाला घेऊन गेले, तेव्हा देणं आहे असा कागद लिहून दिला आणि चेक दिला. चेक परत आला, खात्यात पुरेशी शिल्लक नाही.

मग कमिटी. तिथे मला करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय ऐकवला. भावाने भावाला कोर्टात नेऊ नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा. "इस्टर होऊ द्या, ताई." घरी येऊन तो अध्याय उघडला. सातव्या वचनापाशी सगळे थांबले होते. आठव्यात पौल भावांनाच लुबाडणाऱ्यांना झापतो. ते वचन कमिटीत कुणी वाचलं नव्हतं.

इस्टर होईपर्यंत थांबण्यात नोटिशीची मुदत गेली. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस जावी लागते, हे वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं. चेकच्या तारखेपासून तीन महिने झाले नव्हते, म्हणून तो पुन्हा बँकेत टाकता आला. पुन्हा परतला. या वेळी नोटीस वेळेत गेली. पैसे द्यायला पंधरा दिवस असतात, ते गेले, आणि पुढच्या महिन्याच्या आत तक्रार दाखल केली. मंडळीत कुणाला असा चेक मिळाला, तर प्रार्थना जरूर करा, पण परतल्याची पावती हातात पडली की वकिलांकडे जायला उशीर करू नका.

दोन-तीन कुटुंबांनी माझ्याशी सलाम बंद केला. शेजारची देशमुखीण रोज संध्याकाळी येऊन बसायची, काही विचारायची नाही, भाजी निवडून द्यायची. पाळकसाहेब एकदाच बोलले. क्षमा म्हणजे पावती फाडणं नव्हे, म्हणाले. तेवढं ऐकून मी त्या महिन्यात प्रभुभोजन घेतलं. क्षमा झाली होती असं नाही. भाऊंसाठी प्रार्थना करताना अजून जीभ अडते, मग त्यांच्या नातीसाठी करते.

शेवटी लोकअदालतीत हप्ते ठरले. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून वकिलांनी तो रस्ता धरला. त्या दोघी विधवांकडे कागदच नव्हता, त्यांच्यासाठी पाळकसाहेब अजून भाऊंच्या घरी खेपा घालतात. मंडळीने दान मोजायला आता दोन माणसं ठेवलीत आणि खात्यावर दोन सह्या लागतात. भाऊ अजून येतात, डाव्या हाताच्या बाकावर बसतात. निम्म्याहून जास्त पैसे आलेत. पुढचा हप्ता जूनमध्ये आहे.