करार करण्याआधी

कळंब, जि. यवतमाळ

चि. मयूरीस,

अख्ख्या हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आपणच बनवायचं म्हणतेस, त्या नादी लागू नकोस. नोंदणी, बिलिंग, औषधसाठा हे सगळं मोठ्या कंपन्यांनी केव्हाच केलंय. सरकारी दवाखान्यांसाठी सी-डॅकचं ई-सुश्रुत आहे, एनआयसीचं ई-हॉस्पिटल आहे. सिकलसेलच्या रुग्णाचा पाठपुरावा हे तुझं काम, त्यालाच चिकटून राहा.

माझं आयुष्य लॅबमध्ये गेलं म्हणून सांगते. हायड्रॉक्सियुरिया चालू असलेल्या पोराचा सीबीसी वरचेवर बघावाच लागतो. पांढऱ्या पेशी फार खाली आल्या तर डॉक्टर गोळी थांबवतात. तो आकडा मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात असतो. तो तुझ्यापर्यंत आलाच नाही तर तुझं अ‍ॅप तारखांची आठवण करून देण्यापलीकडे काय करणार? मोठ्या कंपनीशी भागीदारी हवी ती त्यासाठी.

केसपेपरच्या खिडकीवर रांग दारापर्यंत जाते. तिथल्या पोराला तेच नाव दुसऱ्या स्क्रीनवर पुन्हा टाइप करायला लावलंस, तर आठवड्यात तुझं अ‍ॅप बंद पडेल. टाइप केलंच, तरी आत्राम एकीकडे एका ‘ए’नं आणि दुसरीकडे दोन ‘ए’नं, कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन माणसं. म्हणून रुग्णाचा १४ अंकी आभा (आरोग्य खाते) क्रमांक धर. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या सँडबॉक्समधले तिन्ही टप्पे (आभा जोडणं, नोंदी देणं, नोंदी मागवणं) आधी पार कर, मगच कंपनीच्या दारात जा. त्यांचं निम्मं काम वाचलं की ते तुझं ऐकून घेतील. आणि भेटायचं ते जोडणी करणाऱ्या इंजिनिअरला. सेल्सवाला सगळ्यालाच हो म्हणतो.

छत्तीसगडात गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगसाठी थॉटवर्क्सनं ‘बहमनी’ उभं केलं, ते बघ. रुग्णांच्या नोंदींना ओपनएमआरएस, लॅबला ओपनएलिस, बिलाला ओडू. तयार होतं ते घेऊन एकत्र जोडलं. मला ते फार पटतं.

एकाच कंपनीशी बांधून घेऊ नकोस. करार मोडला तर रुग्णांच्या नोंदी फायर (FHIR) या प्रमाणित स्वरूपात परत मिळाल्या पाहिजेत, हे लेखी घे. पायलटचे थोडे तरी पैसे माग. फुकटच्या कामाला त्यांच्याकडे कुणी माणूस देत नाही.

मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. सपोर्टचं कलम मी आधी वाचणार आहे. रात्री जोडणी तुटली तर इथल्या सिस्टरनं फोन तुला करायचा की कंपनीला, ते त्यात नंबरासकट हवं.

तुझी,
मावशी